एक नंबरची टोपली

“तिला आत्ता काही विचारू नका, मास्तर. विचारलं की ती नाहीच म्हणणार. ऐनवेळी हातात ठेवू.”

सासूबाईंचे हे शब्द मी खिडकीच्या आतल्या बाजूला तांदूळ निवडता निवडता ऐकले आणि माझा हात सुपातच थांबला. बाहेर व्हरांड्यात मिशन शाळेचे हेडमास्तर, रणपिसे मास्तर, बसले होते. ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या त्या उपासकाळात ही त्यांची चौथी फेरी होती. मी मोजत होते. पहिल्या फेरीला ते पाणी पिऊन गेले, दुसरीला चहा, तिसरीला तर सासूबाईंनी माझ्याकडून त्यांच्यासाठी भजी तळून घेतली. उपासकाळात आमच्या घरी तळण होत नाही.

“जूनच्या आत झालेलं बरं,” मास्तर म्हणाले. “पण करुणाबाईंना पटायला हवं.”

“एकदा घराबाहेर पडली की पटेल.”

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली म्हणणं कमीच होईल, तिथे पालींचं अख्खं गोकुळ नांदायला लागलं. माझं नाव करुणा, पण स्वभावात संशय पहिल्यापासूनच. माहेरी मला चिडवायचे की लोक ताक फुंकून पितात, आमची करुणा गाईला विचारून पिते. आणि त्या वर्षी मला विधवा होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. रणपिसे मास्तरांची बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. बेरीज करायला मला पाटी लागली नाही.

ही गोष्ट जालन्याची, आमच्या मिशन कंपाउंडमधली, पन्नास वर्षांपूर्वीची. माझे यजमान शांतवन हिवाळे, वाडीवरच्या शाळेत शिक्षक. रोज चार मैल सायकलवर जायचे, चार मैल यायचे. भर पावसाळ्यात कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत गेले. मागे मी, नऊ वर्षांची एस्तेर आणि सासूबाई. धाकटे दीर आनंदभाऊजी रत्नागिरीला नोकरीत, ते, सुहासिनी आणि त्यांचा प्रशांत सणाला तेवढे यायचे.

सासूबाई म्हणजे राहेलबाई, पण त्यांना त्या नावाने कोणी हाक मारत नसे. बत्तीस वर्षं दवाखान्यात काढल्यामुळे अख्खं कंपाउंड त्यांना मेट्रनबाई म्हणायचं. दवाखाना सुटला, पण बाईंच्या अंगातून वॉर्ड सुटला नाही. घरातल्या प्रत्येक वस्तूवर मार्किंगच्या काळ्या शाईने मालकाचं नाव असायचं. टॉवेलवर नाव, ताटाच्या खाली नाव, एस्तेरच्या कंगव्यावरसुद्धा नाव. आणि मुलांना, सुनांना, नातवंडांना होते खाटांप्रमाणे नंबर. शांतवन एक, आनंदभाऊजी दोन, मी तीन, सुहासिनी चार, एस्तेर पाच, प्रशांत सहा. “तीन नंबर, जेवायला ये,” अशी हाक मी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ऐकली होती आणि माहेरी जाऊन पोट धरून हसले होते.

पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला, त्या प्रत्येकाला एक टोपली द्यायच्या. बुरडाकडून मुद्दाम विणून घेतलेली, वरून बँडेजच्या पट्टीने बांधलेली, आणि पट्टीवर नंबर. आत गोडधोड नाही. कांद्याच्या सालीत उकडून लाल केलेलं एक अंडं, आणि बाकी सगळ्या उपयोगाच्या वस्तू. खाऊ पोटात जातो आणि विसरतो, वस्तू कामाला येते आणि आठवण देते, असं त्यांचं म्हणणं. पण त्या टोपल्यांत खरी गंमत दुसरीच होती. टोपलीत जे यायचं ते त्या वर्षी घडायचं. शांतवनला खडूंचा डबा आला आणि जूनमध्ये वाडीवर नेमणूक झाली. आनंदभाऊजींना मोठा रेनकोट आला आणि महिन्याने रत्नागिरीची बदली. सुहासिनीच्या टोपलीत बाळाच्या दुपट्यांसाठी फ्लॅनेलचं कापड निघालं तेव्हा तिनं अजून नवऱ्यालाही काही सांगितलं नव्हतं. यात चमत्कार काहीच नव्हता. बाईंना सगळं आधी ठाऊक असायचं, आणि बऱ्याचदा ते त्यांनीच ठरवलेलं असायचं. थोडक्यात, टोपली म्हणजे त्यांचा निकाल. आणि आलेली टोपली कोणी परत करायची नाही, असा दंडक होता.

म्हणूनच सणाआधीच्या त्या गुरुवारी, मास्तरांशी चाललेलं बोलणं ऐकून, मला कळलं की माझा निकाल लागलेला आहे आणि तो सासूबाईंच्या कपाटात आहे.

शुक्रवारी रत्नागिरीची मंडळी आली. दुपारच्या उपासनेहून परतताना मी सुहासिनीला सहज विचारल्यासारखं विचारलं, यंदा आईंनी काही बोलणं काढलं का पत्रात. ती गडबडली. “माझ्यापर्यंत काही नाही, ताई. ह्यांना लिहिलं होतं काहीतरी. रविवारी कळेल म्हणाले.” म्हणजे पत्रापर्यंत गोष्ट गेली होती. मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. रात्री ताटं वाढताना मी सासूबाईंच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले, आणि त्यांनी मला वांग्याची भाजी दोनदा वाढली, त्याचाही मी अर्थ लावला. पाहुणीला आग्रह करतात.

शनिवारी दुपारी सगळेजण कबरी झाडायला कबरस्तानात गेले. मागच्या अंगणातल्या चुलीवर मोठ्या पातेल्यात अंडी आणि कांद्याच्या साली शिजत होत्या, त्यावर लक्ष ठेवायला मी मागे राहिले. कपाटाची किल्ली कुठे असते ते मला माहीत होतं. लग्न होऊन बारा वर्षं झाली तरी मी त्या किल्लीला कधी हात लावला नव्हता. त्या दिवशी लावला.

खालच्या फळीवर टोपल्या ओळीने मांडलेल्या होत्या. दोन, तीन, चार, सहा. आणि भिंतीला टेकवून ठेवलेली, सगळ्यांत मोठी, एक.

एक नंबर शांतवनचा होता. मागच्या सणाला एक नंबरची टोपली नव्हती, आणि त्या रिकाम्या जागेकडे कोणी पाहिलंही नव्हतं. मी पट्टी सैल करून आत पाहिलं. सायकलचा पंप, बॅटरी, पुरुषी काळी छत्री, मोठे चौकडीचे हातरुमाल, एक शिट्टी. रणपिसे मास्तर सायकल वापरायचे, आणि त्यांचा पंप माघ महिन्यात चोरीला गेल्याचं अख्ख्या कंपाउंडला माहीत होतं. मी तिथेच फरशीवर बसले. माझ्या नवऱ्याची कबर अजून पक्की बांधून झाली नव्हती आणि त्याचा नंबर दुसऱ्याला दिला गेला होता.

मग तीन नंबर ओढली. तिच्यात काय होतं? एक नवं पितळी कुलूप, बिछाना बांधायचा पट्टा, इनॅमलचा मग, साबण, सुईदोरा, आणि पोस्टकार्डांचा एक जाडसर गठ्ठा. गठ्ठ्याला मधोमध बँडेज गुंडाळलेलं होतं, आणि त्या पट्टीच्या वरच्या बाजूला, कार्डाचा जेवढा भाग उघडा होता तिथे, सासूबाईंच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं: श्रीमती करुणा शांतवन हिवाळे.

आमच्या घरात वस्तूवर ज्याचं नाव, त्याची ती वस्तू. तेव्हा शंकेला जागाच उरली नाही. कुलूप माझ्या ट्रंकेला, पट्टा माझ्या बिछान्याला, आणि कार्डं कशाला, तर नव्या घरून खुशाली कळवायला. आणि मग माझ्या लक्षात आलं की पाच नंबरची टोपलीच नाही. मी फळी पुन्हा पाहिली, खालचा कप्पा पाहिला, कपाटामागे हात घातला. एस्तेरची टोपली नव्हती. आई निघाली की पोर तिच्यामागून जाणार, मग तिला या घरचा नंबर कशाला ठेवायचा? माझं काय व्हायचं ते होवो, पण पोरीला तिच्या बापाच्या घरातून खोडून टाकलेलं मला सोसवेना.

मी टोपल्या जशा होत्या तशा बांधल्या. कार्डांचा गठ्ठा मात्र हातात राहिला. माझं नाव मला त्या टोपलीत नको होतं. मागे जाऊन मी तो चुलीत टाकला. आधी बँडेज जळलं आणि कार्डं उलगडली. एकेका कार्डावर खालपर्यंत काहीतरी लिहिलेलं दिसलं, पण वाचायला मी थांबले नाही. त्या वर्षीची अंडी फार छान लाल झाली.

रविवारी पहाटे आम्ही सगळे कबरस्तानात गेलो. आमच्याकडे पुनरुत्थानाची पहिली उपासना तिथेच होते. पाळकसाहेबांची प्रार्थना संपली, उजाडलं, आणि लोक एकमेकांना भेटू लागले. या सकाळी एक माणूस म्हणतो, “प्रभू उठला आहे,” आणि दुसरा म्हणतो, “खरोखर उठला आहे.” भांडलेली माणसंसुद्धा एवढं बोलतात. वर्षभर तोंड न पाहिलेले भाऊ मी या एका वाक्यावर बोलते झालेले पाहिले आहेत.

मी शांतवनच्या मातीवर मोगऱ्याची फुलं ठेवत होते. रणपिसे मास्तर त्यांच्या बायकोच्या कबरीवरून उठून आमच्याकडे आले. गुडघ्यांना माती लागलेली, डोळे लाल. हात जोडून म्हणाले, “करुणाबाई, प्रभू उठला आहे.”

मी उत्तर दिलं नाही. आजूबाजूला दहा-बारा माणसं तरी होती. मी उभी राहिले आणि म्हणाले, “मास्तर, माझ्या नवऱ्याची जागा रिकामी नाही.”

त्यांचे जोडलेले हात तसेच राहिले. काय ऐकलं ते त्यांना समजायला थोडा वेळ लागला असावा, कारण आधी त्यांच्या चेहऱ्यावर नुसता गोंधळ होता आणि मग तो चेहरा कानांपर्यंत तापला. ते वळले आणि फाटकाबाहेर पडले. नाश्त्याला ते आमच्याकडे यायचे होते, ते आले नाहीत. सासूबाई घरापर्यंत माझ्या शेजारून चालल्या. मला वाटलं, बरं झालं, डाव उधळला.

चहा, केक, अंडी झाली आणि बाईंनी टोपल्या बाहेर आणल्या. त्या शेवटून सुरुवात करायच्या. सहा नंबरला, म्हणजे प्रशांतला, चपला आणि पोहण्याचा लंगोट मिळाला. चार नंबरला शिवणाची कात्री. मग त्या म्हणाल्या, “तीन नंबर.”

मी उठले. काय बोलायचं ते मी पाठ केलं होतं: आई, ही टोपली मी घेत नाही, दंडक असला तरी घेत नाही.

“तू बस,” त्या म्हणाल्या. “एस्तेर, इकडे ये.”

एस्तेर जागची हलली नाही. “आजी, मी पाच आहे.”

“होतीस. आता सरकलीस. वॉर्डात खाट रिकामी ठेवत नाहीत, बाळा. मागचा पेशंट पुढे सरकतो. घे.”

पोरीने टोपलीची पट्टी सोडली. कुलूप, पट्टा, मग. बाई सांगत होत्या की नगरच्या मुलींच्या बोर्डिंगमध्ये पाचवीला जागा मिळाली आहे, जूनमध्ये जायचं, ट्रंकेला कुलूप लावायचं आणि किल्ली गळ्यात ठेवायची. सांगता सांगता त्यांचा हात टोपलीत काहीतरी शोधत होता. तळापर्यंत गेला, अंड्याखाली गेला, परत आला. मग त्यांनी मान वर केली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. वॉर्डातून वस्तू गेली तर कोणाकडे पाहायचं हे त्यांना बत्तीस वर्षं माहीत होतं. मग त्यांनी आनंदभाऊजींना त्यांची टोपली दिली आणि शेवटची, मोठी, पुढे ओढली.

“एक नंबर.”

कोणी उठलं नाही. आनंदभाऊजींनी मान खाली घातली.

“करुणा,” बाई म्हणाल्या, “किती वेळ बसून राहणार? ऊठ.”

मी कशी उठले ते मला आठवत नाही. छत्रीच्या दांड्यावर मार्किंगच्या शाईने माझं नाव होतं, ते मला आदल्या दिवशी दिसलं नव्हतं. हातरुमालांच्या खाली एक लिफाफा होता. वाडीवरच्या शाळेत, शांतवनच्या जागी, शिक्षिका म्हणून माझी नेमणूक झाल्याचं मिशनच्या शाळा कमिटीचं पत्र. लग्नाआधी मी शिक्षिकेचा कोर्स केला होता, आणि ते सर्टिफिकेट ट्रंकेच्या तळाशी पडून आहे हे मीसुद्धा विसरले होते. आनंदभाऊजी म्हणाले, वहिनी, दादाची सायकल मी आज तेलपाणी करून ठेवतो. मास्तर कमिटीपुढे तीनदा उभे राहिले होते असंही त्यांनीच सांगितलं. वाडीवर बाई कशी जाणार म्हणून कमिटी अडून बसली होती, आणि मास्तरांनी शब्द दिला होता की ती जाईल, त्याच सायकलवर जाईल.

आनंदाने माणूस सुन्न होतो म्हणतात. मी लाजेने झाले. चोराच्या मनात चांदणं असतं, तसं मला सगळीकडे माझंच दिसत होतं.

बाई भांडी उचलून आत गेल्या आणि मी त्यांच्यामागे गेले.

“कार्डं मी जाळली,” मी म्हणाले.

“कधी?”

“काल. अंड्यांखाली.”

“का ग?”

“माझं नाव होतं त्यावर. मला वाटलं…” मला काय वाटलं ते त्यांना कळलं होतं, कबरस्तानातच कळलं असणार. “आधी विचारलं असतं मला तर?” एवढंच मी म्हणाले, आणि तेसुद्धा फार बारीक आवाजात.

“मागच्या जूनमध्ये विचारलं होतं. शाळेत जातेस का म्हटलं, तर मी तुम्हाला जड झाले का म्हणालीस. पोरीला नगरला पाठवू म्हटलं, तर दोन दिवस जेवली नाहीस.” त्यांनी हात पुसले. त्या रागावल्या नव्हत्या, हसल्याही नाहीत. “कार्डावर ज्याचं नाव असतं, ते त्याचं नसतं, करुणा. ते त्याच्याकडे यायचं असतं. नाव वाचलंस, पत्ता नाही वाचलास.”

मी तिथेच ओट्याला धरून रडले. एस्तेर जाणार म्हणून रडले, शांतवनसाठी रडले, आणि सगळ्यांत जास्त त्या जोडलेल्या हातांसाठी रडले. बाईंनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, “तोंड धू आणि आधी तिकडे जाऊन ये. छत्री घे, ऊन झालंय.”

रणपिसे मास्तरांचं घर कंपाउंडच्या दुसऱ्या टोकाला. नवी काळी छत्री उघडून मी सगळ्यांच्या व्हरांड्यांवरून गेले, आणि सगळ्यांनी मला पाहिलं. दार मास्तरांनीच उघडलं. मागे टेबलावर एकच ताट होतं आणि त्यात पाव. काय बोलायचं ते मी वाटभर जुळवत आले होते, पण त्यातला एक शब्द तोंडातून निघेना. शेवटी सकाळी राहिलेलं उत्तर तेवढं निघालं.

“खरोखर उठला आहे,” मी म्हणाले.

मग त्यांनी हात जोडले. “दहा जूनला शाळा भरते,” ते म्हणाले. “वाडीच्या ओढ्यापाशी चढ आहे, तिथं उतरून चालत जा. शांतवनही उतरायचा.”

नाश्त्याला चला म्हटल्यावर ते आले. दोन अंडी खाल्ली. रंग छान आलाय म्हणाले, आणि सासूबाईंनी माझ्याकडे मुद्दाम पाहिलं नाही.

सोमवारी पोस्ट उघडलं तशी मी जाऊन बावन्न कार्डं आणली. आठवड्याला एक, वर्षाची बावन्न, हा बाईंचा हिशोब. पोरगी लहान आहे, पत्ता चुकवेल, कार्ड भलतीकडे जाईल आणि तू इकडे जीव टांगून बसशील, म्हणून आधीच लिहून ठेवलेली बरी, असं त्या म्हणाल्या. त्यांनी ती उपासकाळाच्या चाळीस दिवसांत एकेक, दोन-दोन करून लिहिली होती. त्यांच्या उजव्या हाताला तेव्हा कंप होता. पुन्हा लिहायला मी त्यांना दिली नाहीत, मीच टेबलाशी बसले. एस्तेर शेजारी बसून कुलूप उघडत होती आणि लावत होती.

श्रीमती करुणा शांतवन हिवाळे, मेट्रनबाईंचं घर, मिशन कंपाउंड, जालना. पहिली दहा कार्डं मी भराभर लिहिली. मग हात मंदावला. विसाव्या-बाविसाव्या कार्डावर मी थांबले आणि माझ्या नावाखालची ओळ नीट वाचली. चुलीत जळताना जी ओळ मी वाचली नव्हती ती हीच. जिला घरातून काढायचं असतं, तिचं नाव घालून त्या घराचा पत्ता कोणी थरथरत्या हाताने बावन्न वेळा लिहीत नाही.

“काय झालं, आई?” एस्तेरने विचारलं.

काही नाही म्हटलं, आणि पुढचं कार्ड घेतलं.